पाच वर्षांचा करार आणि एकोणीस वर्षांचा पोरगा

सातपूरच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा १९ वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला, बॉक्सिंगच्या राज्य स्पर्धेत ६५ किलोखालच्या गटात ब्राँझ मिळवलेला. मुंबईच्या एका प्रमोटरने, म्हणजे लढती भरवणाऱ्याने, त्याला मोबाइलवर पाच वर्षांचा प्रोफेशनल करार पाठवलाय, इंग्रजीत, अकरा पानी. पोरगा म्हणतो, भरतीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, मला विजेंदर व्हायचंय. वडिलांना दोन गोष्टी हव्यात: सही करू द्यावी का, आणि या धंद्यात माणसाचं आयुष्य जातं तरी कसं.

भाऊ, आधी माझी पत सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवाल. सैन्यात असताना नऊ वर्षं बॉक्सिंग खेळलो, आधी युनिटकडून, मग कमांडकडून. निवृत्तीनंतर गेली चौदा वर्षं नाशकात पोरं शिकवतो. त्यातली पाच पैशासाठी लढली आणि पाचांच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात सांभाळायला, मी होतो. स्वतः प्रोफेशनल म्हणून मी एकही बाउट लढलेलो नाही.

सही आज नको. करार मी पाहिलेला नाही, तेव्हा त्यात खोट आहे असं म्हणत नाही. पण प्रोफेशनल बॉक्सरचं भांडवल म्हणजे त्याचं डोकं. ते किती मार सोसणार याला मर्यादा असते, ती किती हे कुणालाच आधी कळत नाही, आणि खर्चलेलं परत भरून येत नाही. तुमच्या पोराच्या डोक्याचा खर्च पुढची पाच वर्षं कुणाच्या हातात असणार, ते या कागदाने ठरतं. एकोणिसाव्या वर्षी तो हक्क मी दुसऱ्याला दिला नसता.

पोरगा आजवर जे खेळला आणि आता जे खेळायचं म्हणतोय, ते दोन वेगळे खेळ आहेत. त्याच्या हौशी खेळात तीन मिनिटांचे तीन राउंड, अंगात गंजी, रेफरी लवकर मध्ये पडतो, आणि स्वच्छ लागलेल्या ठोशाचे गुण. पोरं आत घुसतात, दोन-तीन टाकतात, बाहेर येतात. प्रोफेशनलला चार राउंडपासून सुरुवात, मग सहा, आठ, दहा आणि मोठ्या किताबाला बारा. पूर्वी पंधरा असायचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर हळूहळू पंधराचे बारा झाले. तुमच्या पोराच्या वजनाला प्रोफेशनलचे ग्लोव्हज आठ औंसांचे, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. लासलगावचा एक मोठा कांदा हातात घ्या, तेवढं वजन. मी क्लासला स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, सोळा औंसांवर घेतो. आठवर तोच ठोसा कसा लागतो, हे पोराला पहिल्या बाउटला कळतं, त्याआधी नाही.

मारण्याची पद्धतही बदलते. प्रोफेशनल पायावर बसून मारतो, कमरेचं वजन ठोशात उतरवतो आणि बरगड्यांखाली उजव्या बाजूला, यकृतावर, पुन्हा पुन्हा ठोकतो. चौथ्या राउंडला पोरगा हात खाली का घेतो हे प्रेक्षकांना कळत नाही. त्याला पहिल्या राउंडपासून तिथे मार बसलेला असतो.

युक्रेनचा लोमाचेंको २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन या बाजूला आला. त्याच्याएवढे पाय कुणाचे हलत नव्हते. मार्च २०१४ मध्ये दुसऱ्याच प्रोफेशनल लढतीत मेक्सिकोच्या ओर्लांडो सालिडोने त्याला हरवलं, धक्के देत, कमरेखाली मारत, अंगावर रेलून. त्यात सालिडो वजनात बसलेला नव्हता, तरी लढत झाली. लोमाचेंकोने चार महिन्यांच्या आत पुढच्याच लढतीत जागतिक किताब घेतला, ही गोष्ट वेगळी. तो लोमाचेंको होता.

आता विजेंदर. पोरांना दिल्लीतली ती रात्र दिसते: जुलै २०१६, त्यागराज स्टेडियम, केरी होपला दहा राउंडमध्ये हरवून आशिया पॅसिफिकचा पट्टा. त्याच्या आधीचं दिसत नाही. २००४, २००८, २०१२ अशी तीन ऑलिंपिक, बीजिंगचं ब्राँझ, हरियाणा पोलिसात डीएसपीची नोकरी, घराघरात माहीत असलेला चेहरा. एवढं गाठीशी बांधून ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला तो पहिली प्रोफेशनल बाउट लढला, तेव्हा तीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते. त्याच्या मागे इंग्लंडचा मोठा प्रमोटर होता, कारण विजेंदर उभा राहिला की भारतात टीव्ही लागायचे. लागोपाठ बारा जिंकला. तेरावी, मार्च २०२१ मध्ये गोव्यात, रशियाच्या लोप्सानकडून हरला.

म्हणजे विजेंदर व्हायचं तर आधी बीजिंग व्हावं लागतं. तुमच्या पोराकडे राज्याचं ब्राँझ आहे. चांगलं आहे, मी त्याची खिल्ली उडवत नाही. पण प्रमोटर त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघतो ते समजून घ्या.

प्रत्येक कार्यक्रमात दोन कॉर्नर असतात. एका कॉर्नरला ज्याला पुढे आणायचंय तो, दुसऱ्याला ज्याला त्यासाठी बोलावलंय तो. कुस्तीच्या फडात जोड लावतात तशी इथेही जोड लावतात. फरक एवढाच की आपल्याकडच्या यात्रेत पंच दोघांना शेजारी उभं करून सगळ्या गावासमोर जोड ठरवतात, इथे ती फोनवर ठरते. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात किंवा ज्याच्या मागे पैसा आहे, तो पहिल्या कॉर्नरचा. बाकीचे दुसऱ्या. हे बेकायदा नाही, लढत ठरवलेलीही नसते. नीट निवडलेली असते.

दुसऱ्या कॉर्नरचं आयुष्य बघायचं तर इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा पीटर बकली बघा. तीनशे बाउट. जिंकल्या ३२, बरोबरी १२, हरल्या २५६. हरायलाच बोलावलेला माणूस म्हणून लोक हसतात. मला तो फार शहाणा वाटतो. आठवड्याच्या नोटिशीवर उभा राहायचा, समोरच्या नव्या पोराला चार-सहा राउंड शिकवायचा, डोकं वाचवायचा, पाकीट घ्यायचा, घरी जायचा. असं हरायलाही बचाव लागतो, आणि एकोणिसाव्या वर्षी तो कुणाकडेच नसतो.

माझ्या एका पोराची गोष्ट सांगतो. कार्यक्रम मुंबईकडे होता, नाव नको. ठरलेला प्रतिस्पर्धी ६३.५ किलोचा, तीन बाउट खेळलेला. आदल्या दिवशी वजनाला गेलो तर कळलं, तो आजारी आहे, दुसरा आलाय. दुसरा काट्यावर उभा राहिला, ६७ भरला. अकरा बाउट खेळलेला. आयोजक म्हणाला, सर, पोस्टर लागलंय, पोराच्या घरचे नाशिकहून दोन गाड्या करून येतायत, आता नाही म्हणता का? पोराने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच म्हणालो, खेळू.

ती बाउट मला राउंड-राउंड पाठ आहे. पहिले दोन आपले होते. तिसऱ्याच्या शेवटी त्याला उजवा ओव्हरहँड, वरून येणारा ठोसा, कानाच्या वर लागला. पडला नाही. स्टुलावर आला. एक मिनिट म्हणतात, पण यायला-बसायला दहा सेकंद जातात, उठायला दहा. मधल्या चाळीस सेकंदांत माउथगार्ड काढायचा, पाणी, मानेवर बर्फ, चिरलं असेल तर अॅड्रेनलिनचा बोळा दाबून धरायचा, भुवईवर व्हॅसलीन, आणि एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर एकही राहत नाही. मी म्हणालो, डावा वर ठेव. तो म्हणाला, हो. डोळे माझ्याकडे होते, पण माझ्या मागे कुठेतरी बघत होते. मी टॉवेल टाकून लढत थांबवली नाही. चौथा राउंड तो उभ्यानेच हरला, गुणांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय जिगर आहे पोरात.

रात्री अकराला निघालो. कसारा घाटात त्याने विचारलं, सर, आपण किती राउंड खेळलो? मी म्हणालो, चार. इगतपुरीच्या पुढे त्याने परत विचारलं. घोटीच्या टोलनाक्यावर तिसऱ्यांदा, त्याच शब्दांत. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नाशकात गाडी थेट हॉस्पिटलला लावली, सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. तीन दिवस डोकं दुखलं, मग ठीक झाला. आता अंबडला एका कारखान्यात शिफ्टला आहे, दिवाळीला फराळ घेऊन येतो. पण चूक माझी होती, आणि ती एक नव्हती. वजनाच्या काट्यापाशी नाही म्हणायला हवं होतं, टॉवेल टाकायला हवा होता, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाशिकची वाट न धरता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायला हवं होतं. मेंदूवर रक्त साठत असेल तर एकेक तास मोलाचा असतो. डोकं वाढत जाणारं दुखतंय, उलटी होतेय, एक बाहुली मोठी दिसतेय, तोच प्रश्न परत येतोय, झोप आवरत नाही: यातलं काहीही दिसलं तर 'झोपू दे, सकाळी बघू' म्हणायचं नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा, पोरगा उद्या हौशी बाउट खेळला तरी.

मेंदूचं थोडं सांगतो, कारण पोरं हेडगार्ड घातलं की निर्धास्त होतात. सुक्या नारळाची वाटी सुटली की हलवल्यावर आत खुळखुळते ना, तसं समजा. हुक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा, हनुवटीला लागला की डोकं गर्रकन फिरतं, कवटी थांबते आणि आतला मेंदू थोडा मागून थांबतो. हेडगार्डमुळे चिरा आणि सूज कमी होते, ते फिरणं थांबत नाही. मोठ्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून २०१३ मध्ये हेडगार्ड काढला, त्यामागे हाच वाद होता. फिरणं थोडं कमी होतं ते मजबूत मानेने. म्हणून तालमीतली पोरं माझ्याकडे आली की मला बरं वाटतं; मानेवर पूल (कमान) घालून घालून त्यांची मान खांबासारखी झालेली असते. ती त्यांना हात खाली ठेवायची सवयही सोबत आणतात, ती मोडायला वर्ष जातं.

नॉकआउट लोकांना दिसतो. खरा खर्च न दिसणाऱ्या ठोशांनी होतो, आणि त्यातले बहुतेक बाउटमध्ये बसत नाहीत, सरावात बसतात. डोक्याला वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बॉक्सरांचं अडखळणं, विसरणं, चिडणं हे १९२८ मध्येच अमेरिकेतल्या मार्टलंड नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. एक वेळ बाउटमधल्या माराचे पैसे मिळतात, तिथे रेफरी असतो, डॉक्टर असतो. मंगळवारच्या संध्याकाळी क्लासमध्ये दोन पोरं एकमेकांना चेव आणून मारतात, त्याचे कुणी पैसे देत नाही.

कसाऱ्याच्या त्या रात्रीनंतर मी वही सुरू केली. साधी दोनशे पानी. प्रत्येक पोराच्या नावाचं पान, त्यात तारीख आणि जोरातल्या स्पारिंगचे राउंड. हलकं, खांद्याला हात लावण्यापुरतं स्पारिंग कितीही करा, ते मोजत नाही. जोरातलं आठवड्यातून एकदा, तेही बाउट ठरली असेल तरच, आणि बाउटच्या आधी दहा दिवस बंद. डोक्याला नीट बसलेला एक फटका दिसला की समोर लाल टिंब, आणि त्या पोराचं महिनाभर फक्त बॅग, दोरी, पळणं. सुरुवातीला पोरं रुसायची. सर घाबरले म्हणायची. घाबरलो होतोच.

वजनाचं तर वेगळंच प्रकरण. हौशी खेळात बाउटच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे फार सुकता येत नाही. प्रोफेशनलला आदल्या दिवशी होतं. मग ६८ किलोचा माणूस पाणी तोडून ६३.५ वर येतो, काट्यावर उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी परत ६७ चा होऊन रिंगमध्ये येतो. समोरचाही तेच करतो, म्हणून आपणही करायचं. मे महिन्यात पांडवलेणीच्या पायऱ्या रेनकोट घालून चढणारं पोरगं पाहिलंत तर समजा, वजन आहे. शेवटच्या रात्री बाटलीत थुंकत बसतात, च्युइंगगम चघळून, शंभर ग्रॅमसाठी. शरीर कोरडं पडलं की ठोशाला तोंड द्यायची ताकद कमी होते, आणि चोवीस तासांत प्यायलेलं पाणी सगळं जागच्या जागी पोचत नाही. माझा नियम: बाउटच्या आठवड्यात अंगाच्या वजनाच्या तीन टक्क्यांवर पाणी तोडायचं नाही. तेवढ्यात बसत नसेल तर वरच्या गटात खेळ, नाहीतर खेळू नको.

सगळं असंच भयाण असतं असं नाही. बाउटच्या संध्याकाळी हात बांधणं मला आजही आवडतं. खोलीत ट्यूबलाइट, कुबट वास, बाहेर डीजे. पोरगा खुर्ची उलटी करून बसतो, पाठीच्या कडेवर हात ठेवतो, बोटं फाकवून. आधी गॉझ, मनगटावरून वर, नॉकल्सवर घड्यांची गादी, मग टेप. बोटांच्या मधून टेप नेताना मूठ उघडायची, मिटायची, परत उघडायची. फार घट्ट झालं तर बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, सैल झालं तर तळहाताचं हाड जातं. समोरच्या कॉर्नरचा एक माणूस सगळा वेळ उभा राहून बघतो, आत काही लपवत नाही ना, आणि झालं की अधिकारी पेनाने टेपवर सही करतो. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत पोरं जे बोलतात ते एरवी कधी बोलत नाहीत. एकाने मला तिथे सांगितलं होतं की त्याला खरं तर इलेक्ट्रिशियन व्हायचंय.

रोजचं आयुष्य विचारलंत. पहाटे पाचला पळणं; नाशकात डिसेंबर-जानेवारीत ते सोपं नसतं, निफाडकडच्या पोरांना विचारा. सकाळी ताकद, संध्याकाळी तंत्र, दहाला झोप. सहा-आठ आठवडे हे, आणि रविवारची मिसळ बंद. यातलं कष्टाचं काही नाही, आपली पोरं कष्टाला भीत नाहीत. हरसूलच्या डोंगरातून धावपटू कविता राऊत आली, चांदवडकडून रोइंगचा दत्तू भोकनळ आला. कठीण असतं ते फोनची वाट बघणं. बाउट ठरते, पुढे ढकलली जाते, रद्द होते. जोरात चालणारा बॉक्सरही वर्षात चार-पाच बाउट खेळतो, आपल्याकडचा बहुतेक एक-दोन. नोकरी धरावी तर सुट्टी नाही, सोडावी तर पगार नाही. लग्नाला मुलगी बघायला गेलो की सासरे विचारतात, करतोस काय? बॉक्सिंग. ते कळलं, पण करतोस काय?

पैशाचं पटकन सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. माझ्या पोरांना चार राउंडचे मिळाले ते काही हजारांत, आणि एकाचा चेक परत आला, तो आजतागायत. त्यातून एचआयव्ही, हेपेटायटिसच्या तपासण्या, डोळे, मेंदूचा एमआरआय, जाणं-येणं, बाउटनंतर टाके. मॅनेजरला ठरलेला हिस्सा, ट्रेनरला रिवाजाने दहा टक्के. मी घेतले नाहीत, घेण्यासारखे नव्हतेच. वर डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार संघटनांचे पट्टे, तिथे कोटींची गोष्ट असते. खाली मधला मजला नाही. एकतर वर, नाहीतर पाकीट.

आणि संपतं तेव्हा कसं संपतं? नोकरीवाल्याचं बरं संपतं, पण तेही नेहमी नाही. कौर सिंग सैन्यातले, दिल्लीच्या एशियाडचे सुवर्णपदक विजेते, १९८० मध्ये मुहम्मद अलींसमोर प्रदर्शनीय लढत खेळलेले. पुढे आजारपणात त्यांच्यावर कर्जाची वेळ आली, हे पेपरात आलं होतं. पद्मश्री, अर्जुन असलेल्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाची ही गत, तर चार राउंडवाल्याचं काय.

म्हणून मी काय करीन ते सांगतो. पोरगा तेवीस-चोवीसपर्यंत हौशीच खेळू दे. राज्याचं ब्राँझ आहे, राष्ट्रीय व्हायला हवं. सैन्य, रेल्वे, पोलिसात खेळाडूंची भरती असते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून ठेवा, जाहिरात निघाल्यावर धावाधाव नको. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आहे, तेव्हा शिबिरं, स्पर्धा, खर्च चालू राहणार. तेवढ्यात बी.कॉम. संपेल. पोराला वाटतं आत्ता सही केली नाही तर दार बंद. विकास कृष्ण २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन अमेरिकेत प्रोफेशनल झाला, परत आला आणि टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला. निशांत देव पॅरिस ऑलिंपिक खेळून २०२५ मध्ये गेला. नाव असलं की दार कुठल्याही वयात उघडतं.

तरीही पोरगा ऐकणारच नसेल, तर कागद वकिलाला दाखवा, खेळाचा नसला तरी कराराचा जाणता हवा, आणि मराठीत समजावून घ्या. मी पाच जागा बघतो. वर्षात किमान किती बाउट देणार हे आकड्यात लिहिलंय का. नसेल तर पाच वर्षं घरी बसवायचा हक्क तुम्ही फुकट दिलात. प्रतिस्पर्धी बदलला किंवा वजनात बसला नाही तर पैसे न कापता नाही म्हणता येतं का. तपासण्या आणि बाउटनंतरचं हॉस्पिटल कुणाच्या खिशातून, आणि ते किती दिवस. मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस आहे का. असेल तर पोराच्या बाजूने भाव करायला कुणीच नाही. आणि मुदत संपल्यावर काय. शेवटच्यावर एक निकाल तुमच्या वकिलाला माहीत असेल: श्रीरामपूरच्या आपल्या झहीर खानच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ठरवलं की करार संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट टिकत नाही. पण हे संपल्यानंतरचं झालं. मुदत चालू असताना पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, आणि म्हणूनच मी एक वर्ष किंवा तीन बाउट यापुढे सही करू देत नाही. प्रमोटर त्याला तयार नसेल तर त्याला पोरगा कशासाठी हवाय ते तिथेच कळतं.

रविवारी सकाळी सातला पोराला घेऊन या. ग्लोव्हज नकोत, कागद आणा. आणि यायच्या आधी त्याला घरी एक विचारा: गेल्या वर्षभरात जोरातल्या स्पारिंगचे किती राउंड झाले, आणि त्यात डोकं किती वेळा दुखलं. आकडा सांगता आला तर लिहून आणा. नाही आला तर एक कोरी वही आणा.